जाळे आणि परवाना

किकवी हे गाव भोर तालुक्यात, पुणे-सातारा रस्त्यावर आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना किकवी मागे पडले, की थोड्या वेळाने नीरा नदीचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्हा आणि पलीकडे सातारा जिल्हा. जिल्ह्याची ही हद्द नकाशावर ठळक दिसते. पण नदीतल्या माशांना ती ठाऊक नसते. ते आज या काठाला, तर उद्या त्या काठाला.

एकदा सहलीला जाताना आमची बस या पुलाजवळ थांबली होती. खाली नदीत एक माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहून गोल जाळे फेकत होता. जाळे हवेत छत्रीसारखे उघडे आणि अलगद पाण्यावर पडे. मुले कौतुकाने पाहत होती. तेवढ्यात आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, ही नदी कोणाची?"

"सर्वांची," मी म्हणालो.

"आणि नदीतले मासे?"

मी जरा थांबलो. तो पुढे म्हणाला, "माझे चाचा सांगतात, मासे पकडायलासुद्धा परवाना लागतो. परवाना नसेल तर दंड होतो. पाणी पावसाचे, मासे नदीचे. मग परवाना सरकारचा कशाला?"

बस सुटायची वेळ झाली होती. मी त्याला दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले. पण त्याचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. मुलांनो, त्या प्रश्नाचे नीट उत्तर आज आपण शोधू या.

प्रथम शब्दच पाहू. 'परवाना' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तुमच्या उर्दूच्या पुस्तकात तो दोन अर्थांनी येतो. एक परवाना म्हणजे दिव्यावर झेप घेणारा पतंग, आणि दुसरा म्हणजे हुकूमाचा कागद. मराठीने यांतला दुसरा अर्थ घेतला. या पाठात असे आणखी काही शब्द भेटतील. कायदा, गुन्हा, हक्क, जप्ती, मुदत, हद्द हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीच्या कचेरीत आले आणि इथलेच झाले. तेव्हा कायद्याची ही भाषा तुम्हांला परकी वाटायचे कारण नाही.

परवाना म्हणजे एखादे काम करण्याची लेखी परवानगी. वाहन चालवायला परवाना लागतो, कारण वाहन नीट चालवले नाही तर दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो. मासे पकडताना असा धोका कोणाला असतो? हे समजण्यासाठी मासे कोणकोणत्या पाण्यात राहतात ते पाहिले पाहिजे.

पहिले पाणी खाजगी. एखाद्या शेतकऱ्याने आपल्या रानात शेततळे खोदले, त्यात माशांचे पिल्लू सोडले, रोज खाद्य घातले. त्या तळ्यातले मासे त्याचेच. जसे त्याच्या शेतातली ज्वारी कापून नेणे ही चोरी, तसे त्याच्या तळ्यातले मासे नेणे ही चोरीच. भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र चोरलेली वस्तू पाच हजार रुपयांहून कमी किमतीची असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेचे काम करण्याची शिक्षा सांगितलेली आहे. चुकलेल्या माणसाला सुधारण्याची संधी मिळावी, असा त्यामागचा विचार आहे.

दुसरे पाणी धरणांचे. आपल्या भोर तालुक्यात भाटघरचे धरण आहे. वेळवंडी नदीवर इंग्रजांच्या काळात बांधलेल्या या धरणाच्या पाण्याला आता येसाजी कंक जलाशय म्हणतात. येसाजी कंक हे शिवाजी महाराजांचे शूर साथीदार. पुढे नीरा नदीवर देवघरचे धरण झाले. खाली त्याच नीरेवर वीरचे धरण आहे. म्हणजे किकवीच्या आसपासचा मुलूख डोंगराचा असला, तरी पाण्याने भरलेला आहे.

अशा मोठ्या जलाशयात मासे आपोआप भरपूर होत असतील, असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्याकडचे मोठे खाण्याचे मासे. पावसाळ्यात नदीला पूर आला, की वाहत्या पाण्यात ते अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा अंडी घालत नाहीत. मग तळ्यात मासे यायचे कोठून? पूर्वी लोक नदीतून माशांची पिल्ले गोळा करून आणत. त्यांत नको असलेल्या जातींची पिल्लेही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनी माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातच अंडी घालायला लावण्यात यश मिळवले. तेव्हापासून चांगल्या जातींचे मत्स्यबीज हवे तेवढे तयार करता येऊ लागले. त्या दिवसाची आठवण म्हणून आपल्या देशात १० जुलै हा मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात.

अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांना 'मत्स्यजिरे' म्हणतात, कारण ती जिऱ्याएवढी दिसतात. ती वाढून बोटाएवढी झाली, की त्यांना 'बोटुकली' म्हणतात. किती सोपी आणि नेमकी नावे आहेत ही! ही बोटुकली विकत आणून जलाशयात सोडतात. ती मोठी व्हायला अनेक महिने लागतात. तोपर्यंत वाट पाहावी लागते.

ही वाट कोण पाहते? महाराष्ट्रात धरणांच्या तलावांतील मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठराविक मुदतीच्या ठेक्याने देतो. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना त्यात प्राधान्य असते. गावातले भोई, कोळी आणि इतर मच्छीमार एकत्र येऊन अशी संस्था स्थापन करतात. ठेक्याच्या अटींप्रमाणे संस्थेने दरवर्षी बोटुकली सोडायची, ठरलेली रक्कम भरायची आणि मग सभासदांनी जाळे टाकायचे. परवाना असलेला मच्छीमार जाळे टाकतो, तेव्हा तो आधी आपण पेरलेलेच कापत असतो.

आता बिनपरवाना मासेमारीचा अर्थ स्पष्ट होईल. रात्री चोरून येऊन कोणी पाच-दहा टोपल्या मासे नेले, तर ते 'नदीचे' मासे नेले असे होत नाही. कोणीतरी पैसे घालून सोडलेली, वर्षभर सांभाळलेली मासळी नेली असे होते. ज्या घराची चूल त्या मासळीवर पेटायची, त्या घरचा घास नेला असे होते. परवान्याचा कागद हा असा हक्काचा पुरावा आहे. तो सरकारने घेतलेला केवळ कर नाही. तो जाळे टाकणाऱ्याचा पाण्यातला वाटा आहे.

येथे तुमच्यापैकी कोणी विचारील, "पण सर, एखादा गरीब माणूस संध्याकाळच्या कालवणापुरते दोन मासे धरतो, त्यालाही गुन्हेगार म्हणायचे का?" हा प्रश्न योग्य आहे, आणि तो टाळून चालणार नाही. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत कातकरी लोक राहतात. ओढ्यातले मासे, खेकडे हे पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे अन्न आहे. त्यांच्याकडे जमीन नाही, नोकरी नाही. कायद्याने त्यांचा विचार केला आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्यात वनात राहणाऱ्या आदिवासी व इतर लोकांच्या सामूहिक हक्कांची यादी आहे. तीत मासे आणि पाण्यातून मिळणारे इतर उत्पन्न यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे कायदा फक्त 'करू नका' असे म्हणत नाही. 'हा तुमचा हक्क आहे' असेही म्हणतो. पोटासाठी हाताने मासे धरणारा आणि ट्रक भरून मासळी पळवणारा यांना एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्याला हा फरक कळला पाहिजे.

पण काही मार्ग असे आहेत, की ते कोणीही वापरले तरी क्षमा नाही. एका उन्हाळ्यात मी एका नदीच्या डोहावर गेलो होतो. पाण्यावर पांढरी पोटे वर करून शेकडो मासे तरंगत होते. त्यांत बोटाएवढी पिल्लेही होती. आदल्या रात्री कोणीतरी डोहात स्फोट केला होता. मोठे मासे गोळा करून ते लोक निघून गेले. लहान मासे तसेच कुजत पडले होते. काठावरचा एक म्हातारा म्हणाला, "एका रात्रीत पाच वर्षांचे खाल्ले की हो!" त्याचे ते शब्द मला अजून आठवतात.

स्फोटाने मोठा मासा मरतो, पिल्लू मरते, अंडी मरतात आणि माशांचे खाद्य असलेले लहान जीवही मरतात. कधी हातातच स्फोट होऊन माणसाचा हात किंवा डोळा जातो. विषाचा प्रकारही तितकाच वाईट. विष टाकलेल्या पाण्यातले मासे माणसे खातात, आणि तेच पाणी पुढे गुरे पितात. मच्छरदाणीसारखे बारीक जाळे टाकणे हे दिसायला साधे वाटते. पण त्यातून बोटुकलीही सुटत नाही. उद्याचा मासा आजच संपतो. म्हणून जाळ्याचे भोक किती मोठे असावे, याचेही नियम केलेले असतात. भोकातून पिल्लू निसटले पाहिजे. त्यातच मच्छीमाराचा फायदा आहे.

स्फोटके व विष वापरण्यावरची बंदी जुनी आहे. इंग्रजांच्या राज्यात १८९७ साली 'भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा' झाला. पाण्यात स्फोट करून किंवा विष टाकून मासे मारणाऱ्याला दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात ठरवलेली होती. आज २०० रुपये ऐकून तुम्हांला हसू येईल. पण त्या काळी ही रक्कम साध्या मजुराच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा मोठी होती. या दंडाच्या भीतीने माणूस दहा वेळा विचार करी. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली आपल्या राज्याने मत्स्यव्यवसायाचा स्वतंत्र कायदा केला. स्फोटके आणि विष यांवरची बंदी आजही कायम आहे. शिवाय परवान्याशिवाय स्फोटके जवळ बाळगणे हा वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा आहे.

या २०० रुपयांच्या गोष्टीत एक धडा आहे. दंडाची रक्कम कागदावर तशीच राहते. पण रुपयाची किंमत वर्षागणिक घटते. मग एक दिवस असा येतो, की चोरीचा नफा मोठा आणि दंड लहान होतो. तेव्हा लबाड माणूस दंड भरतो, हसतो आणि पुन्हा जाळे टाकतो. दंड हा शिक्षा न राहता धंद्याचा खर्च बनतो. महाराष्ट्राच्या समुद्रावर नेमके हेच झाले.

तिसरे पाणी समुद्राचे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आपल्या राज्याचे सात जिल्हे समुद्राला लागून आहेत. रत्नागिरीच्या मिरकरवाडा, राजिवडा या भागांत हिंदू कोळ्यांप्रमाणे दालदी मुसलमान मच्छीमारही आहेत. त्यांची कित्येक घराणी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगत आली आहेत. लहान होडी, साधे जाळे आणि वाऱ्याची पारख एवढेच त्यांचे भांडवल असे. पुढे इंजिनाच्या नौका आल्या, समुद्राचा तळ खरवडत जाणारी ट्रॉल जाळी आली आणि माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालणारी पर्ससीन जाळी आली. एका मोठ्या नौकेने एका फेरीत जेवढे नेले, तेवढे लहान होडीला महिन्यातही मिळेना. किनाऱ्यावर भांडणे होऊ लागली.

हे भांडण मिटावे आणि मासेही टिकावेत म्हणून १९८१ साली 'महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा' झाला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच्या पाण्याला तो लागू आहे. या कायद्याने नौकेला मासेमारीचा परवाना आवश्यक ठरवला. कोणत्या पाण्यात, कोणत्या जाळ्याने, कोणत्या काळात मासे पकडायचे याचे नियम करण्याचा अधिकार त्याने शासनाला दिला. २०१६ साली शासनाने पर्ससीन जाळ्यांच्या परवान्यांवर आणि हंगामावर मर्यादा घातल्या.

पावसाळ्यात माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद ठेवण्याची पद्धत आहे. इंजिन नसलेल्या पारंपरिक होड्यांना या बंदीतून सूट असते. कायदा होण्यापूर्वीही कोळी लोक पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवत आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा निघत. जुन्या लोकांचा अनुभव आणि आजचे शास्त्र येथे एकच गोष्ट सांगतात.

परंतु १९८१ च्या कायद्यातले दंड काळाच्या मागे पडले. मोठ्या नौकांच्या मालकांना ते काहीच वाटेनात. म्हणून २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. आता परवान्याशिवाय समुद्रात मासेमारी केली, तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पर्ससीन जाळ्याचे नियम मोडले, तर एक लाखापासून सहा लाखांपर्यंत दंड आहे. ट्रॉल जाळ्याच्या भोकाचा नियम मोडणाऱ्यालाही दंड होतो. सर्वांत मोठा दंड, पाच ते वीस लाखांचा, दोन प्रकारांना आहे. एक म्हणजे रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करणे, आणि दुसरा म्हणजे दोन नौकांनी मिळून एकच प्रचंड जाळे ओढत नेणे. जेवढी हानी मोठी तेवढा दंड मोठा, हे येथील तत्त्व आहे.

मुलांनो, येथे तुम्हांला तुमच्या भाषेतला तो दुसरा परवाना आठवेल. रात्रीच्या अंधारात दिवा दिसला, की पतंग त्याच्याकडे झेपावतो. समुद्रात एलईडी दिवा दिसला, की मासेही थव्याने तिकडे येतात आणि जाळ्यात सापडतात. लहान-मोठे असा भेद तो दिवा करीत नाही. म्हणूनच त्याच्यावर बंदी आहे.

लहान माशांना वाचवण्यासाठी आणखी एक पाऊल २०२३ साली उचलले गेले. पापलेट, ज्याला कोठे कोठे सरंगा म्हणतात, त्या माशाला महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मान मिळाला. त्याच वर्षी समुद्रातल्या अनेक जातींचा कमीत कमी आकार ठरवण्यात आला. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर तो पकडू नये असा नियम झाला. तुमच्या लहान पट्टीपेक्षाही लहान असलेला पापलेट अजून एकदाही व्यालेला नसतो. त्याला निदान एकदा तरी वंश वाढवू द्यावा, एवढेच हा नियम मागतो.

नियम मोडला तर पुढे काय होते? मत्स्यव्यवसाय विभागाचे अधिकारी गस्तीच्या नौकेतून समुद्रात जातात. ते नौका थांबवून तिची नोंदणी, परवाना, जाळे आणि पकडलेली मासळी तपासतात. काही चूक आढळली तर नौका अडकवून ठेवतात. मासळी टिकणारी नसते, म्हणून तिचा लिलाव करून पैसे जमा करतात. नंतर अहवाल जातो. पूर्वी अशा प्रकरणांचा निकाल तहसीलदार देत. त्यांच्याकडे इतर कामांचा डोंगर असे, त्यामुळे प्रकरणे रेंगाळत. २०२१ च्या दुरुस्तीने हा अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा अधिकाऱ्यांना दिला. नौकेच्या मालकाला आपली बाजू मांडण्याची संधी मिळते, आणि निकाल मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. ऐकून न घेता शिक्षा करणे हा कायदा नव्हे.

तरीही समुद्र मोठा आणि गस्तीच्या नौका थोड्या. म्हणून जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात झाली. पण यंत्राला फक्त नौका दिसते. माणसाचे मन वळवायला दुसरे उपाय लागतात. त्याचे एक चांगले उदाहरण आपल्याच राज्यात आहे. समुद्री कासव, देवमासा किंवा व्हेल शार्क असे संरक्षित प्राणी चुकून जाळ्यात अडकतात. त्यांना सोडवायचे तर महागडे जाळे कापावे लागते. डिसेंबर २०१८ पासून अशा मच्छीमाराला जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू झाली. चूक करणाऱ्याला दंड आणि चांगले करणाऱ्याला आधार, असे दोन्ही असले म्हणजे कायदा लोकांना आपला वाटतो.

मासेमारीवर बंधने घालणारा आपलाच देश आहे, असे समजू नका. इंग्लंडमध्ये १२१५ सालच्या प्रसिद्ध 'मॅग्ना कार्टा' या सनदेतसुद्धा नद्यांमध्ये मासे अडवण्यासाठी घातलेले बांध काढून टाकावेत, असे एक कलम आहे. आजही त्या देशात गोड्या पाण्यात गळ टाकायचा असेल, तर १३ वर्षांवरील प्रत्येकाला परवाना घ्यावा लागतो. नसेल तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्या वयाच्या, म्हणजे १३ ते १६ वर्षांच्या मुलांना हा परवाना फुकट मिळतो. पण तो घ्यावाच लागतो. पैसे मिळवणे हा तेथे मुख्य हेतू नाही. मुलाने लहानपणीच हे शिकावे, की नदीतून काही घेण्याआधी विचारावे लागते.

शेवटी आपल्या शेजारची एक गोष्ट सांगतो. भोरहून पश्चिमेला वरंधा घाट उतरला, की आपण रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात पोहोचतो. तेथे काळ नदीवर वाळण कोंड नावाचा एक खोल डोह आहे. त्यात मोठमोठे महाशीर मासे राहतात. महाशीर हा सह्याद्रीतल्या नद्यांचा देखणा मासा. अनेक ठिकाणी तो आता क्वचितच दिसतो. पण या डोहात तो निर्भय आहे. लोक काठावरून त्याला खाऊ टाकतात आणि तो पाण्यावर येऊन घेतो. हे देवीचे मासे आहेत अशी तेथल्या लोकांची श्रद्धा आहे, म्हणून कोणी त्यांना पकडत नाही. तेथे पहारेकरी नाही आणि पावतीपुस्तकही नाही. गावाने मनात ठरवलेली एक गोष्ट आहे, तेवढीच.

नीरेच्या पुलावर प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला आता मी असे उत्तर देईन : "बाळ, पाणी पावसाचे आणि मासे नदीचे, हे तुझे म्हणणे खरे आहे. म्हणूनच ते एकट्याचे नाहीत. त्यांत त्या जाळेवाल्याचा वाटा आहे, कातकऱ्याच्या मुलांचा वाटा आहे, पलीकडच्या काठावरच्या माणसांचा वाटा आहे, आणि जे अजून जन्मले नाहीत त्यांचाही आहे. इतक्या लोकांचा वाटा नीट राहावा म्हणून हिशोब ठेवावा लागतो. परवाना म्हणजे तो हिशोब आणि दंड म्हणजे तो हिशोब मोडल्याची आठवण. ज्या दिवशी प्रत्येक गाव आपल्या डोहाला वाळण कोंडासारखे जपेल, त्या दिवशी दंडाची पावती फाडायची वेळ क्वचितच येईल."

शब्दार्थ

अंमलबजावणी – कायदा प्रत्यक्षात लागू करणे
जलाशय – पाण्याचा मोठा साठा
ठेका – ठराविक मुदतीसाठी दिलेला हक्क, कंत्राट
बोटुकली – बोटाएवढी वाढलेली माशांची पिल्ले
डोह – नदीतील खोल पाण्याची जागा
गस्त – पहाऱ्यासाठी घातलेली फेरी
विणीचा काळ – माशांचा अंडी घालण्याचा काळ
सनद – राजाने दिलेला लेखी हुकूम किंवा हक्कपत्र

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भाटघर धरणाच्या जलाशयाला कोणाचे नाव दिले आहे?
(आ) १० जुलै हा दिवस कशासाठी पाळतात?
(इ) महाराष्ट्राचा राज्य मासा कोणता?

२. कारणे सांगा.
(अ) धरणाच्या जलाशयात बोटुकली सोडावी लागते.
(आ) १८९७ सालचा २०० रुपयांचा दंड त्या काळी मोठा होता.
(इ) २०२१ साली सागरी मासेमारीच्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

३. पोटासाठी मासे धरणारा आणि डोहात स्फोट करणारा यांच्याशी कायद्याने सारखेच वागावे का? तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.

४. या पाठातील कायदा, हक्क, मुदत, हद्द यांसारखे उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत असणारे आणखी पाच शब्द शोधा. त्यांचे दोन्ही भाषांतील अर्थ सारखे आहेत का, ते पाहा.

५. तुमच्या गावाजवळच्या नदीत किंवा तलावात कोणते मासे मिळतात आणि पूर्वी कोणते मिळत, हे घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहा.